मोठेपणी कोण होणार? खिडकीबाहेर बघून सांगा!

दोस्तांनो, घरी पाहुणे आले की त्यांचा एक प्रश्न अगदी ठरलेला असतो. चहाचा कप हातात घ्यायचा, त्यात बिस्किट बुडवायचं आणि समोर अवघडून उभ्या असलेल्या आपल्याला विचारायचं, "काय रे, मोठेपणी कोण होणार?" मुलगी असेल तर हाच प्रश्न पुष्कळदा जरा मवाळ होतो, "दहावीनंतर काय करायचं ठरवलंयस गं?" मग आपणही ठरलेलं उत्तर देतो. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस इन्स्पेक्टर, नाहीतर क्रिकेटपटू. पाहुणे "वा, वा!" म्हणतात आणि दुसरं बिस्किट उचलतात. विषय संपला!

पण हे उत्तर आपल्या तोंडात आलं कुठून, याचा कधी विचार केलाय? जन्माला येताना तर आपण ते मुठीत धरून आलो नव्हतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात जाऊन हा प्रश्न विचारा, पोरं म्हणतील, "फौजेत जाणार." इचलकरंजीत विचारा, कुणीतरी यंत्रमागाचं नाव काढेलच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या खेड्यात विचारा, जहाजावर जायची गोष्ट निघेल. सगळीकडची मुलं हुशारीला सारखीच. मग स्वप्नं वेगवेगळी कशी? तर प्रत्येकाच्या खिडकीतून दिसणारा रस्ता वेगळा. जे काम आपण कधी पाहिलं नाही, ज्याचं नावही ऐकलं नाही, त्याचं स्वप्न पडणार तरी कसं?

आणि त्यातही एक भानगड आहे. एकाच घराच्या एकाच खिडकीतून भावाला एक रस्ता दिसतो आणि बहिणीला दुसरा. कधी कधी तर तिला रस्ताच दिसत नाही. आज ही भानगड जरा उलगडून बघू या. त्यासाठी आधी मुंबईला जावं लागेल, जुन्या गिरणगावात.

भोंग्यावर चालणारं गाव

लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा. आज या भागात उंचच उंच काचेच्या इमारती दिसतात. पण तुमच्या आजोबांच्या तरुणपणी इथं गिरण्यांच्या चिमण्या होत्या. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारायला घेतली आणि पुढं शंभर वर्षं कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून माणसं येतच राहिली. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की चाळींचे जिने धडाधडा वाजायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. घड्याळ नसलं तरी चालायचं, भोंगाच सगळ्यांना उठवायचा.

या गिरणीत नोकरी कशी लागायची? पेपरात जाहिरात यायची, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची? छे! काका किंवा मामा आधीच आत असायचा. तो आपल्या खात्यातल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, सांगायचा, "पोरगा आलाय गावाहून. बघा काही जमलं तर." मग पोरगा 'बदली' म्हणून लागायचा. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं. कुणी कामगार त्या दिवशी आला नाही तर त्याच्या जागेवर काम मिळणार, सगळे आले तर हात हलवत घरी. असं कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं केल्यावर तो कायम व्हायचा. मग तो स्वतःच काका व्हायचा आणि गावाहून आलेल्या पुतण्याला गेटवर घेऊन जायचा.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला परळ भागातल्या पाचशे गिरणी कामगारांची एक पाहणी झाली होती. त्यातल्या दहापैकी आठ जणांचे नातेवाईक किंवा जातभाई कापड धंद्यात होते. म्हणजे बघा, गिरणीचं दार नात्याच्या किल्लीनं उघडत होतं!

आता स्वतःला अशा चाळीतला चौदा वर्षांचा मुलगा समजा. गणितात तुमचा जीव रमत नाही. बाबा ओरडतात खरे, पण मनातून कुणी फार घाबरत नाही. का? कारण काका आहे ना! साच्यावर नाही तर रिंग खात्यात, कुठंतरी चिकटवेलच. तुमच्यापुढं एक पायवाट आहे, घरातल्या दोन पिढ्यांच्या पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली. ती सोडून काट्यांतून कोण जाईल?

आणि तुमची बहीण? तिच्यासाठी गिरणीत काय होतं? तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण एके काळी पुष्कळ काही होतं. १९२०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई असायची. कांड्या भरणं, सूत गुंडाळणं ही बहुतेक त्यांची कामं. पण पुढं त्याच खात्यांत नवी यंत्रं आली. कायद्यानं बायकांना रात्री काम करायला बंदी आली, म्हणजे रातपाळी गेली. १९२९च्या कायद्यानं बाळंतपणाच्या काळात पगार द्यावा लागू लागला. कायदा चांगलाच होता, पण काही मालकांनी त्यावर उपाय काढला, की बायकांना कामावर घ्यायचंच कमी करायचं! असं करत करत गिरणी पुरुषांची झाली. बायकांना मिळाली खाणावळ. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांचे डबे करायचे, घरातल्या एका खोलीत वीस-वीस जणांना जेवू घालायचं. या खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठं त्यांना बँकेचं कर्ज मिळण्याची सोय झाली. एवढं काम करूनही शिरगणतीच्या कागदावर त्यांच्यापुढं 'घरकाम' एवढंच लिहिलं जात असणार, नाही का?

थोडक्यात, मुलाला 'काका' होता. मुलीला 'काकू' होती, पण ती चुलीपाशी.

काकाच घरी बसला तेव्हा

१८ जानेवारी १९८२. हा दिवस गिरणगावात कुणी विसरलं नाही. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप एक वर्ष चालला, दीड वर्ष चालला, आणि कधी संपला हे कुणालाच नीट सांगता येत नाही, कारण तो कुणी रीतसर मागं घेतलाच नाही. कित्येक गिरण्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. हजारो घरांत पगार बंद झाला. घरातली भांडी विकली गेली, मुलांच्या शाळा सुटल्या, काही कुटुंबं गावी परतली. ज्याच्या भरवशावर पुतण्या बसला होता, तो काकाच घरी बसला!

पुढं १९९१ नंतर देशाचं आर्थिक धोरण बदललं. मुंबईत बँका, विमा, संगणक, हॉटेलं, मोठमोठी कार्यालयं वाढू लागली. म्हणजे नोकऱ्या होत्या, पण वेगळ्या. तिथं जॉबर नव्हता. तिथं फोनवर इंग्रजीत बोलता येतं का, संगणक येतो का, असं विचारत.

आता खरी गंमत ऐका. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग नावाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांमध्ये १९८२ ते २००१ या वीस वर्षांत दाखल झालेल्या मुलामुलींच्या चार हजारांहून जास्त मराठी कुटुंबांची पाहणी केली. कुणी मुलाला मराठी माध्यमात घातलं, कुणी इंग्रजी. आईवडील काय काम करत. ते काम त्यांना कसं मिळालं. घराण्यात पूर्वीपासून कुठली कामं चालत आली. सगळं विचारलं. त्यांचा निबंध २००६ मध्ये छापून आला.

तुम्हाला काय वाटतं, काय निघालं असेल? बदलत्या काळाचा फायदा मुलांनी आधी घेतला असेल, हो ना? बाहेर जाणारे तर तेच!

निघालं उलटंच. ज्या समाजांत पूर्वीपासून एकमेकांना गिरणीत, गोदीत, कारखान्यात चिकटवण्याची जोरदार पद्धत होती, तिथले मुलगे मोठ्या प्रमाणात जुन्याच वाटेनं जात राहिले. मराठी शाळा, मग तीच हातानं करायची कामं. पण त्याच समाजांतल्या मुली भराभर नव्या वाटेकडं वळल्या. कित्येक घरांत असं दिसू लागलं, की भाऊ मराठी शाळेत आणि धाकटी बहीण इंग्रजी शाळेत. त्या वीस वर्षांत इंग्रजी येण्यामुळं मिळणारा जास्तीचा पगारही बायकांच्या बाबतीत अधिक वाढला होता.

असं का झालं? हे समजायला भिशी आठवा. तुमच्या आईची भिशी असेल ना? दहा जणी दर महिन्याला पैसे टाकतात आणि एकीला रक्कम मिळते. ही भिशी कधी मोडते? ज्यांना रक्कम मिळाली त्या निघून गेल्या तर! काकानं पुतण्याला कामाला लावणं हीसुद्धा एक भिशीच होती. तुला कुणी लावलं, आता तू दुसऱ्याला लाव. हुशार पोरं त्यातून उठून कचेऱ्यांत जाऊ लागली तर मागच्यांना कोण लावणार? म्हणून कुणी तोंडानं बोललं नाही तरी मुलग्यांवर एक अदृश्य ओझं होतं, आपल्याच माणसांत राहायचं. आणि मुली? त्यांना या भिशीत कधी घेतलंच नव्हतं. त्यामुळं त्या निघून गेल्या काय आणि न गेल्या काय, कुणाचं काही बिघडत नव्हतं. ज्यांना पायवाट मिळाली नव्हती, त्याच नव्या सडकेला आधी लागल्या!

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर तुमच्यापैकी मराठी शाळेतली मंडळी माझ्यावर रुसतील. मुद्दा मराठी वाईट आणि इंग्रजी चांगली हा नाहीच मुळी. मीही मराठी शाळेतच शिकलो, आणि हे तुम्ही मराठीतच वाचताय. त्या वेळी त्या शहरात शाळेचं माध्यम ही रस्त्यावरची पाटी होती, एवढंच. कोण कुठल्या रस्त्यानं निघालंय, ते त्या पाटीवरून कळत होतं.

आज लोअर परळला उतरलात तर फिनिक्स मिलच्या जागी मॉल दिसेल, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या दिसतील. ज्या गेटमधून आजोबा भोंग्यावर आत शिरायचे, त्या आवारात आता गळ्यात कार्ड अडकवलेल्या मुली शिरतात. त्यांतल्या काही जणी अजूनही मागच्या चाळीतूनच येतात.

सूप आणि साचा

मुंबई सोडून जरा सोलापूरला येऊ. सोलापूरची चादर तुमच्या घरी असेलच. ती विणणारी कित्येक घरं मूळची तेलंगणाकडून आलेली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. अशा पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं एक वाटणी ठरून गेलेली. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळायला. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू. पान कापायचं, भरायचं, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं. बोटं इतकी चपळ चालतात, की बघणाऱ्याला मोजता येत नाही.

आता त्या घरातली सातवी-आठवीतली मुलगी काय करते? शाळेतून आली की आईशेजारी बसते. आधी पानं कापून देते, मग दोरा बांधते, मग एक दिवस वळायलाही लागते. तिला कुणी सांगितलेलं नसतं, की तू विडी कामगार हो. आईला हातभार लागावा, घराचा हजाराचा आकडा लवकर भरावा, एवढंच तिच्या मनात. पण बोटं एकदा शिकली की शाळा सुटणं सोपं होतं. घरबसल्या काम, चार पैसे, बाहेर जायला नको. आईबापांनाही ते 'सुरक्षित' वाटतं. मला मात्र या शब्दाची जरा भीती वाटते. रोज नाकात जाणारी तंबाखूची धूळ सुरक्षित कशी?

आणि भाऊ? तो मागावर जातो. त्याच्या कानांना मागाच्या खडखडाटाची सवय होते. म्हणजे रोजगार गावात एकच नसतो बरं का. मुलांचा एक बाजार आणि मुलींचा दुसरा, दोन्ही एकाच घरातून सुरू होतात.

हे चित्र कायम असंच राहतं असंही नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी मोठमोठे मोर्चे काढले, लढे दिले. कुंभारीला त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ मध्ये बायकांना तिथं घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

सुरुवातीला अपशिंग्याचं नाव घेतलं होतं, ते राहिलंच. या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांची स्मृतिशिला गावात आहे. घराघरांत फौजी. तिथल्या पोरांना भरतीची तारीख पाठ, छाती किती लागते ते पाठ, किती मिनिटांत किती धावायचं ते पाठ. मार्गदर्शन केंद्राची गरजच नाही, कट्ट्यावर बसलेले निवृत्त सुभेदार आहेत ना! पण त्याच घरातल्या मुलीनं तेच किस्से ऐकले, तोच गणवेश इस्त्री केला, आणि तिनं पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएचं नाव काढलं असतं, तर? फार वर्षं उत्तर होतं, "ते मुलींसाठी नाही." २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना एनडीएची परीक्षा द्यायला परवानगी दिली. २०२२ मध्ये पहिल्या मुली दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी संचलन करत बाहेर पडल्या. महाराष्ट्रात मुलग्यांना या परीक्षेसाठी तयार करणारी सरकारी संस्था १९७७ पासून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला सुरू झाली ती २०२३ मध्ये. मधली वर्षं तुम्हीच मोजा!

नुसती बातमी आली तरी

आता तुम्ही म्हणाल, "गावात रोजगार नसेल तर आम्ही काय करणार? कारखाना काय आम्ही काढायचा?" थांबा, थांबा. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत झालेला एक प्रयोग सांगतो.

साल २००३. तेव्हा कॉल सेंटरं जोरात वाढत होती, पण शहरापासून लांबच्या खेड्यांत ते कुणाला ठाऊकही नव्हतं. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं १६० खेडी घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. ८० खेड्यांत नोकरभरतीची माहिती देणारी माणसं पाठवली. ती गावात जायची, बैठक घ्यायची, मुलींना आणि बायकांना सांगायची, की असं असं काम असतं, हे यावं लागतं, अर्ज असा करायचा. बाकीच्या ८० खेड्यांत कुणीच गेलं नाही. असं तीन वर्षं चाललं.

प्रत्यक्षात नोकरीला लागलेल्या मुली काही फार नव्हत्या. तरीसुद्धा माहिती पोचलेल्या खेड्यांत १५ ते २१ वयाच्या मुलींची लग्नं पुढं गेली. त्या संगणकाच्या, इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागल्या. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे, त्या गावातल्या अगदी लहान मुली, ज्यांना नोकरी मिळायला अजून दहा वर्षं होती, त्या जास्त प्रमाणात शाळेत दिसू लागल्या. एवढंच नाही, त्यांची तब्येतही सुधारली! आईबापांना वाटलं असणार, ही उद्या कमावणार आहे. हिच्या ताटात जरा जास्त वाढा.

असाच एक दाखला पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला आहे. १९९३ नंतर आपल्या देशात पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखून ठेवल्या गेल्या. (आपल्या महाराष्ट्रात तर २०११ पासून निम्म्या.) ज्या गावांत लागोपाठ दोन वेळा बाई प्रमुख झाली, तिथल्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना संशोधकांनी विचारलं, मुलांनी किती शिकावं, कोण व्हावं, लग्न केव्हा करावं? इतर गावांत मुलग्यांची स्वप्नं मोठी आणि मुलींची छोटी असं अंतर होतं. या गावांत किशोरवयीन मुलामुलींमधलं ते अंतर जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झालेलं आढळलं. अहो, गावात नवा कारखाना नाही, नवी कचेरी नाही, पगार वाढले नाहीत. फक्त खुर्चीवर एक बाई बसलेली रोज दिसत होती.

आता आई-बाबांशी दोन शब्द. (मुलांनी वाचलं तरी चालेल, वाचालच!) मुलानं "मला नर्स व्हायचंय" किंवा "मला स्वयंपाक शिकून हॉटेलात काम करायचंय" म्हटलं, की आपण हसतो का? मुलीनं आयटीआयला फिटरचा अर्ज भरते म्हटलं, की "तिथं सगळी मुलंच असतात" असं पहिल्यांदा आपल्याच तोंडून बाहेर पडतं का? मुलगा दहावीत घसरला तर "बघू, तुझ्या मामाला सांगू" हे वाक्य आपण प्रेमानंच म्हणतो. पण गिरणगावातल्या काकानंही ते प्रेमानंच म्हटलं होतं. ज्या धंद्यात मामा आहे, तो धंदा आणखी पंधरा वर्षं तरी उभा राहणार आहे का, एवढं मामालाच विचारून घ्यायला काय हरकत आहे?

वही घ्या आणि निघा

मुलामुलींनो, आता तुमच्यासाठी एक उद्योग. या रविवारी एक वही घ्या आणि घरापासून शाळेपर्यंत चालत जा. वाटेत जी जी कामं होताना दिसतील ती लिहा. दुकान दिसलं की नुसतं 'दुकान' लिहू नका. तिथं माल आणून टाकणारा कोण, हिशोब बघणारा कोण, तराजू तपासायला येतो तो कोण, शटर दुरुस्त करतो तो कोण? प्रत्येक कामापुढं लिहा, बाई करते की पुरुष. आणि जमेल तिथं थांबून विचारा, "काका, हे काम तुम्हाला कसं मिळालं?" "मावशी, हे तुम्ही कुठं शिकलात?" लोक रागवत नाहीत, उलट खूश होतात. भाऊ-बहीण असाल तर दोघं वेगवेगळे निघा आणि घरी आल्यावर वह्या शेजारी ठेवा. ताईला दिसलेलं दादाला दिसलं नाही असं बरंच निघेल.

मी स्वतः हे करून पाहिलं. मला वाटलं होतं, आमच्या गल्लीत असून असून किती कामं असणार, दहा-बारा! निघाली एकेचाळीस. त्यांतली तेवीस कामं फक्त पुरुष करत होते, अकरा फक्त बायका. 'कसं मिळालं' या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर एकच होतं, "आमचे एक नातेवाईक होते..." औषधाच्या दुकानातला मुलगा, वेल्डिंगवाला, शाळेच्या बसचा चालक, पोळ्या लाटणाऱ्या दोघी, सगळ्यांचं तेच.

चौकात विजेच्या खांबावर कुणीतरी चढलेलं होतं. पट्टा बांधून, डोक्यावर शिरस्त्राण. मी खाली उभा राहून वाट बघितली. उतरल्यावर कळलं, ती पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती, वीज कंपनीत विद्युत सहायक. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती पक्कड पिशवीत टाकत म्हणाली, "नातेवाईक कुठले! दहावीनंतर मैत्रिणीला शिवणकामाचा फॉर्म भरायचा होता म्हणून तिच्यासोबत आयटीआयला गेले होते. रांग मोठी होती. उभी राहून राहून कंटाळले, म्हणून भिंतीवरच्या सगळ्या ट्रेडची यादी वाचून काढली."